चक बेरीची हिट गाणी क्रमाने कशी लावायची?

चक बेरी या अमेरिकन गायक-गिटारवादकाचं सगळ्यात गाजलेलं गाणं कोणतं, असं रॉक अँड रोल ऐकणाऱ्या कुणालाही विचारा. बहुतेक जण क्षणभरही न थांबता ‘जॉनी बी. गुड’ म्हणतील. त्याची सुरुवातीची गिटार आजही नवशिकी मुलं घासून घासून बसवतात. १९७७ साली व्हॉयेजर यानांबरोबर सोन्याचा मुलामा दिलेली जी तबकडी अवकाशात गेली, तिच्यावरचं एकमेव रॉक अँड रोल गाणं हेच. तरीही १९५८ साली बिलबोर्ड या अमेरिकन संगीत साप्ताहिकाच्या पॉप यादीत ते आठव्या क्रमांकाच्या वर सरकलं नाही. त्या यादीत पहिल्या क्रमांकावर बेरीचं एकच गाणं पोहोचलं, तेही १९७२ साली: ‘माय डिंग-अ-लिंग’. हे चावट, पोरकट गमतीचं गाणं इंग्लंडमधल्या कॉव्हेंट्री शहरात एका कार्यक्रमात प्रेक्षकांकडून ओळी म्हणवून घेत गायलेलं होतं आणि मुळात ते बेरीचं नव्हतंच, डेव्ह बार्थोलोम्यू या संगीतकाराचं होतं.

म्हणजे आकडे पाहून यादी करायला बसलात की पहिल्याच ओळीला अडखळता. मीही अडखळलो आणि रागाने वही मिटली. मग पुन्हा उघडली, कारण आकडे खोटे नव्हते. ते कुणी, कुठे आणि कशाचे मोजले होते हे मी पाहिलं नव्हतं. हे काम कोणत्याही जुन्या गायकासाठी करता येतं, पण बेरी हाताशी असला की त्यातले सगळे खाचखळगे एका जागी दिसतात.

पहिली पायरी: कुणाची यादी, ते ठरवा

‘हॉट १००’ ही बिलबोर्डची प्रसिद्ध यादी ४ ऑगस्ट १९५८ रोजी सुरू झाली. बेरीची बहुतेक मोठी गाणी त्याआधीच येऊन गेली होती. त्या काळात एकच एक यादी नव्हती. दुकानांतल्या खपाची एक, रेडिओवरच्या निवेदकांनी वाजवलेल्या गाण्यांची दुसरी, ज्यूकबॉक्समध्ये नाणं टाकून लोकांनी ऐकलेल्या गाण्यांची तिसरी, आणि नोव्हेंबर १९५५ पासून ‘टॉप १००’ ही चौथी. एकाच आठवड्यात एकच गाणं या याद्यांमध्ये वेगवेगळ्या जागी असे. आपल्याकडे बिनाका गीतमालेचं पायदान ठरवताना दुकानांतला खप आणि श्रोत्यांची पसंती दोन्ही पाहत, हे अमीन सयानींचा आवाज ऐकत वाढलेल्या पिढीला माहीत आहे. काय मोजलं यावर क्रम फिरतो.

जोएल व्हिटबर्न या अभ्यासकाने आयुष्यभर बिलबोर्डच्या याद्या लावल्या. चारपैकी ज्या यादीत गाणं सगळ्यात वर गेलं तो क्रमांक धरायचा, ही त्यांची पद्धत. तीच वापरा. स्वतःची नवी पद्धत काढलीत तर तुमची यादी दुसऱ्या कुणाच्या यादीशी ताडून पाहता येणार नाही.

पण अजून मोठा प्रश्न बाकी आहे. त्या अमेरिकेत काळ्या माणसांचं संगीत वेगळ्या यादीत मोजलं जाई. तिला आधी ‘रेस रेकॉर्ड्स’ म्हणत. १९४९ साली बिलबोर्डने ते नाव टाकून ‘रिदम अँड ब्लूज’ हे नाव घेतलं. तिथल्याच जेरी वेक्सलर या पत्रकाराने सुचवलेलं हे नाव पुढे संगीताच्या एका प्रकारालाच चिकटलं. नाव बदललं तरी वेगळी यादी राहिलीच. पॉप यादीतला आकडा सांगतो की सगळीकडच्या, म्हणजे बहुतांश गोऱ्या, गिऱ्हाइकाने गाणं किती उचललं. रिदम अँड ब्लूजच्या यादीतला आकडा सांगतो की बेरीच्या आपल्या माणसांनी ते किती उचललं. सेंट लुईसचा, १९२६ साली जन्मलेला हा काळा गायक दोन्ही याद्यांत वर होता, आणि त्याचं थोरपण मला तिथेच दिसतं. म्हणून माझा आग्रह आहे: दोन रकाने ठेवा आणि त्यांची बेरीज करू नका.

दुसरी पायरी: वही आखा

संगणकावर तक्ता केलात तरी चालेल. मी दोनशे पानी वहीत आडव्या ओळी मारल्या. रकाने असे: गाण्याचं नाव, वर्ष, पॉपमधला सर्वोच्च क्रमांक, रिदम अँड ब्लूजमधला सर्वोच्च क्रमांक, पहिल्या क्रमांकावरचे आठवडे, आणि शेवटी शेऱ्यासाठी एक रुंद रकाना. तो अरुंद ठेवू नका, सगळ्यात जास्त तोच भरतो.

‘मेबलीन’ची ओळ भरून दाखवतो. वर्ष १९५५. पॉप: ५. रिदम अँड ब्लूज: १. पहिल्या क्रमांकावर अकरा आठवडे. आता शेरा. बेरी शिकागोच्या चेस या तबकड्या काढणाऱ्या कंपनीकडे गेला तेव्हा त्याची खरी आशा एका संथ ब्लूज गाण्यावर होती. कंपनीचा मालक लेनर्ड चेस याला मात्र ‘आयडा रेड’ या जुन्या गावरान गाण्यावर रचलेली त्याची धावती चाल आवडली. तिचीच ‘मेबलीन’ झाली. व्ही-एट फोर्ड गाडीतला प्रियकर कॅडिलॅकमधून निघालेल्या प्रेयसीचा पाठलाग करतो, आणि गाणं ऐकताना इंजिन तापल्याचं खरंच जाणवतं. ब्लूजचं गाणं तबकडीच्या मागच्या बाजूला गेलं.

शेऱ्यात आणखी एक गोष्ट लिहा. गीतकार म्हणून बेरीच्या बरोबरीने आणखी दोन नावं लागली, त्यातलं एक ॲलन फ्रीडचं. फ्रीड हा न्यूयॉर्कच्या रेडिओवरचा त्या वेळचा मोठा निवेदक. गाणं जितकं वाजेल तितका त्याचा वाटा वाढणार, आणि त्याने ते भरपूर वाजवलं. गाण्याचा पूर्ण हक्क बेरीला १९८६ साली परत मिळाला. निवेदकांच्या यादीतला आकडा वाचताना हे आठवणीत असू द्या. यामुळे गाण्याची किंमत तसूभरही कमी होत नाही. क्रमांक वर चढण्यामागे कुणाकुणाचे हात होते, एवढं कळतं.

तिसरी पायरी: नियम आधी लिहा, आकडे मग बघा

हा क्रम उलटा केलात की मन आवडत्या गाण्याला वर ढकलणारे नियम शोधू लागतं. मी ते केलं आहे, म्हणून सांगतो. पेनाने नियम लिहा आणि त्याखाली तारीख टाका.

सोपा नियम असा: सर्वोच्च क्रमांक पाहायचा आणि बरोबरी झाली तर दुसऱ्या यादीतला क्रमांक पाहायचा. तीही बरोबरी झाली तर पहिल्या क्रमांकावरचे आठवडे.

दुसरी पद्धत गुणांची. दर आठवड्याला १०१ मधून क्रमांक वजा करून गुण द्यायचे. समजा एक गाणं चारच आठवडे यादीत होतं, ४०, १०, १ आणि ३० या जागांवर. त्याचे गुण ६१, ९१, १०० आणि ७१, म्हणजे ३२३. दुसरं गाणं पाचव्या जागेच्या वर कधीच गेलं नाही, पण तिथे दहा आठवडे टिकलं. त्याचे गुण ९६ गुणिले १०, म्हणजे ९६०. पहिला क्रमांक गाठलेलं गाणं तिपटीने मागे पडलं. टिकाऊपणा मोजायला ही पद्धत चांगली आहे. बेरीसाठी मात्र मी ती वापरत नाही. ‘मेबलीन’ आलं तेव्हा शंभर गाण्यांची यादी सुरूच झालेली नव्हती. छोट्या यादीत गाण्याचे सुरुवातीचे आणि शेवटचे आठवडे दिसतच नाहीत, आणि दिसले नाहीत त्यांचे गुण मिळत नाहीत. १९५५ च्या गाण्याला १९७२ च्या गाण्यासमोर असं अर्धं उभं करणं मला पटत नाही.

चौथी पायरी: पॉपचा रकाना लावा

सोप्या नियमाने पहिली दहा अशी येतात:

१. माय डिंग-अ-लिंग, १९७२: क्रमांक १
२. स्वीट लिटल सिक्स्टीन, १९५८: क्रमांक २
३. स्कूल डे, १९५७: क्रमांक ३
४. मेबलीन, १९५५: क्रमांक ५
५. जॉनी बी. गुड, १९५८: क्रमांक ८
६. रॉक अँड रोल म्युझिक, १९५७: क्रमांक ८
७. नो पर्टिक्युलर प्लेस टू गो, १९६४: क्रमांक १०
८. यू नेव्हर कॅन टेल, १९६४: क्रमांक १४
९. कॅरोल, १९५८: क्रमांक १८
१०. नदीन, १९६४: क्रमांक २३

पाचव्या-सहाव्याची बरोबरी बघा. दोन्ही आठव्या क्रमांकावर. नियमाप्रमाणे दुसऱ्या यादीकडे वळायचं: तिथे ‘जॉनी बी. गुड’ दुसरं आणि ‘रॉक अँड रोल म्युझिक’ सहावं. म्हणून ‘जॉनी’ वर. नियम आधी लिहिलेला असल्यामुळे इथे वाद घालावा लागला नाही.

पाचवी पायरी: दुसरा रकाना लावा, आणि रिकामी जागा रिकामीच ठेवा

रिदम अँड ब्लूजच्या रकान्यात चित्र पालटतं. ‘मेबलीन’, ‘स्कूल डे’ आणि ‘स्वीट लिटल सिक्स्टीन’ ही तिन्ही पहिल्या क्रमांकावर. दुसऱ्या क्रमांकावर ‘जॉनी बी. गुड’सोबत ‘रोल ओव्हर बीथोव्हन’ येतं, जे पॉप यादीत २९ वर अडकल्यामुळे पहिल्या दहात दिसलंसुद्धा नव्हतं. तिथेच ‘थर्टी डेज’ आहे, १९५५ चं, ‘मेबलीन’च्या पाठोपाठ आलेलं. पॉप यादीत त्याचा मागमूस नाही. म्हणजे शेजारशेजारच्या दोन वस्त्यांपैकी एकीत ते दुसऱ्या क्रमांकाचं गाणं होतं आणि दुसरीत नव्हतंच. आणि ‘माय डिंग-अ-लिंग’? इथे ते ४२ वर आहे.

आता १९६४ ची तीन गाणी घ्या: ‘नदीन’, ‘नो पर्टिक्युलर प्लेस टू गो’, ‘यू नेव्हर कॅन टेल’. बेरी १९६३ च्या ऑक्टोबरमध्ये तुरुंगातून सुटला आणि या गाण्यांनी पुन्हा उभा राहिला. त्यांच्यापुढचा दुसरा रकाना कोरा आहे. ती काळ्या श्रोत्यांना आवडली नाहीत, असा अर्थ चुकूनही काढू नका. नोव्हेंबर १९६३ च्या अखेरीपासून जानेवारी १९६५ पर्यंत बिलबोर्डने रिदम अँड ब्लूजची यादीच बंद ठेवली होती. तेव्हा कोऱ्या जागी शून्य लिहू नका, अंदाजाने आकडाही भरू नका. ‘यादी बंद’ असं लिहा. जुन्या याद्या पुन्हा मांडताना सगळ्यात जास्त चुका याच जागी होतात.

सहावी पायरी: इतरांच्या गळ्यातली गाणी वेगळी काढा

‘मेम्फिस, टेनेसी’ हे बेरीचं गाणं जगाला पाठ आहे. अमेरिकेत ते १९५९ साली ‘बॅक इन द यूएसए’च्या मागच्या बाजूला आलं आणि त्याच्या आवाजात यादीत चढलंच नाही. १९६३ मध्ये लॉनी मॅकने ते नुसतं गिटारवर वाजवून पाचव्या क्रमांकावर नेलं, पुढच्या वर्षी जॉनी रिव्हर्सने गाऊन दुसऱ्या. बीच बॉइज या बँडचं ‘सर्फिन यूएसए’ तिसऱ्या क्रमांकावर गेलं, त्याची चाल ‘स्वीट लिटल सिक्स्टीन’ची. ही गायकाच्या यादीत येत नाहीत, रचनाकाराच्या येतात. रचनाकार बेरीची यादी करायची असेल तर वहीचं नवं पान घ्या, ते पान फार लवकर भरेल.

ब्रिटनची यादीही निराळी ठेवा. तिथे ‘मेम्फिस’ १९६३ साली बेरीच्याच आवाजात सहावं होतं आणि ‘माय डिंग-अ-लिंग’ चार आठवडे पहिलं. देशोदेशीचे आकडे एकत्र कालवले की कुठल्याच देशाचं चित्र उरत नाही.

शेवटची पायरी: यादीखाली टीप लिहा

कोणते आकडे घेतले, कोणत्या काळात यादी बंद होती, बरोबरी कशी सोडवली, हे तीन-चार ओळींत लिहा. टीप नसलेली यादी दुसऱ्याला तपासता येत नाही.

तरीही एकच गाणं माथ्यावर ठेवायला सांगितलं, तर दोन्ही रकाने लावून झालेल्या माझ्या दोन्ही क्रमवाऱ्यांत पहिल्या पाचांत असलेली गाणी मी काढतो. ती चार निघतात: ‘स्वीट लिटल सिक्स्टीन’, ‘स्कूल डे’, ‘मेबलीन’, ‘जॉनी बी. गुड’. त्यातलं ‘स्वीट लिटल सिक्स्टीन’ एका यादीत पहिलं, दुसरीत दुसरं. आकड्यांनी त्याचीच जागा पहिली. माझं मन अकरा आठवडे वर बसलेल्या ‘मेबलीन’कडे ओढ घेतं, पण नियम मी आधी लिहिला होता. म्हणून माझ्या वहीत ‘स्वीट लिटल सिक्स्टीन’ वर आहे आणि ‘मेबलीन’समोरचा शेऱ्याचा रकाना सगळ्यात भरलेला आहे.