लाखावर पळालेली गाडी आणि इंजिन ऑइल
बऱ्याच गाड्यांच्या पुस्तिकेत इंजिन ऑइल बदलायला १०,००० किलोमीटर किंवा एक वर्ष लिहिलेलं असतं. पण धूळ, ट्रॅफिक आणि जवळच्या फेऱ्या असतील तर जुन्या गाडीचं ऑइल ५,००० किलोमीटर किंवा सहा महिन्यांनी बदला, फिल्टरसकट. छोट्या फेरीत इंजिन पुरतं तापत नाही, त्यामुळे ऑइलमध्ये मिसळलेलं पाणी आणि पेट्रोल उडून जात नाही.

त्याहून महत्त्वाचं म्हणजे जुनं झालेलं इंजिन बऱ्याचदा ऑइल जाळतं, त्यामुळे पातळी कमी होते. दर पंधरा दिवसांनी सकाळी, गाडी सपाट जागेवर असताना डिपस्टिक (ऑइलची पातळी मोजायची पट्टी) पुसून पुन्हा घालून बघा. पातळी खालच्या खुणेजवळ आली की आधीच्याच ग्रेडचं (दाटपणाच्या प्रतीचं) ऑइल थोडं थोडं घाला. वरची खूण ओलांडू नका. ऑइल दुधाळ दिसलं तर गाडी सुरूच करू नका, मेकॅनिकला घरी बोलवा.