महापालिकेची बातमी करायला निघालात? आधी कागद कुणी आणलाय ते बघा

जानेवारी २०२६ मध्ये राज्यातल्या २९ महापालिकांच्या निवडणुका झाल्या. त्याआधी मुंबई-पुण्यात मार्च २०२२ पासून प्रशासक होता. नवी मुंबई, कोल्हापूर आणि छत्रपती संभाजीनगरात तर २०२० पासूनच. म्हणजे आज पंचविशीत पालिका बीटवर, म्हणजे पालिकेच्या बातमीदारीला, येणाऱ्या बहुतेक पोरापोरींनी सर्वसाधारण सभा, म्हणजे सगळ्या नगरसेवकांची मुख्य सभा, डोळ्यांनी पाहिलेलीच नाही. हे त्यांच्यासाठी.

७४वी घटनादुरुस्ती, पाच वर्षांची मुदत, महिलांना ५० टक्के जागा, नगरसेवकांतून निवडला जाणारा अडीच वर्षांचा महापौर, हे तुम्हाला येतंच. येत नसेल तर एका दुपारचं काम आहे. फक्त एक ध्यानात ठेवा: मुंबईला १८८८ चा कायदा लागू आहे, बाकी सगळ्यांना १९४९ चा. मुंबईच्या मित्राला विचारून कलम टाकाल तर हमखास तोंडावर पडाल. प्रभागांचंही तसंच. मुंबईत एका प्रभागातून एकच नगरसेवक, असे २२७. पुण्यात ४१ प्रभागांतून १६५, म्हणजे बहुतेक ठिकाणी चौघे. त्यामुळे पुण्यात 'आमचा नगरसेवक' म्हटलं की 'चारपैकी कुठला?' हे विचारावंच लागतं.

आता खरा खड्डा, ज्यात मीही पडले.

सभागृहात एका नगरसेवकाचा विषय येतो. समजा, ज्येष्ठांना बसप्रवास मोफत करा. दोन-चार भाषणं होतात, विरोध कुणाचाच नसतो, महापौर 'मंजूर' म्हणतात, बाकं वाजतात. आपण कार्यालयात येऊन टाकतो: ज्येष्ठांना मोफत प्रवास, महापालिकेचा निर्णय. दुसऱ्या दिवशी एक आजोबा फोन करून विचारतात की पास कुठल्या खिडकीवर मिळतो. खिडकी नसते. निर्णयच झालेला नसतो.

सभागृहात कागद दोन वाटांनी येतात. एक प्रशासनाकडून, म्हणजे आयुक्तांचा प्रस्ताव. त्यात खर्च, अंदाजपत्रकातली तरतूद, कुठल्या कलमाखाली मान्यता हवी ते सगळं लिहिलेलं असतं. तो मंजूर झाला की कामाची वाट मोकळी होते. दुसरा नगरसेवकाचा. मुंबईत त्याला ठरावाची सूचना म्हणतात. ती सभागृहाने एकमताने मंजूर केली तरी आयुक्तांकडे अभिप्रायासाठी जाते आणि अभिप्राय यायला महिने लागू शकतात. तो बऱ्याचदा 'तूर्त शक्य नाही' असाच असतो. कारण १९४९ च्या कायद्याच्या कलम ६७ नुसार अंमलबजावणीचा अधिकार आयुक्तांचा, आणि आयुक्तांना नेमतं राज्य शासन. महापौर सभा चालवतात, शहराचे प्रथम नागरिक असतात, पण गटार दुरुस्तीच्या आदेशावर सही त्यांची नसते. पुन्हा सांगते, कारण हे पुन्हा पुन्हा विसरलं जातं: टाळ्या किती वाजल्या ते बघू नका, विषयपत्राखाली सही कुणाची आहे ते बघा. नगरसेवकाची असेल तर बातमीत 'मागणी' किंवा 'शिफारस' लिहा. बातमी थोडी बारकी होईल, होऊ दे.

आणि आयुक्तांचा प्रस्ताव असला तरी तो कुठल्या टेबलावर मंजूर झाला? निविदा, ठेके, पैसा हे स्थायी समितीचं राज्य. १९४९ च्या कायद्यात तिचे सदस्य १६, पक्षांच्या तौलनिक संख्याबळानुसार. त्यातले निम्मे दरवर्षी निवृत्त होतात. म्हणून अध्यक्षपदासाठी दरवर्षी रस्सीखेच दिसते. मुंबईत स्थायीच्या जोडीला सुधार, शिक्षण आणि बेस्ट या समित्याही आहेत. महिला व बालकल्याण, विधी, क्रीडा यांसारख्या समित्यांत मंजूर झालेला विषय पुढे मुख्य सभेत जातो, तेव्हा तिथल्या हेडलाइनला फार भुलू नका. करांचे दर मुख्य सभा ठरवते, तेही २० फेब्रुवारीच्या आत. ती तारीख आजच कॅलेंडरवर टाका.

मुख्य सभेनंतरही शासन उरतंच. १९४९ च्याच कायद्याच्या कलम ४५१ खाली शासन ठराव विखंडित, म्हणजे रद्द, करू शकतं. २०१६ मध्ये नवी मुंबईत आयुक्त तुकाराम मुंढे यांच्याविरुद्धचा अविश्वास ठराव प्रचंड बहुमताने मंजूर झाला, तरी मुंढे पुढचे काही महिने खुर्चीवर होते. सभागृहाचं वजन किती, हे समजून घ्यायला यापेक्षा चांगला धडा नाही.

घाबरून जाऊ नका. दोन-तीन सभा शेवटपर्यंत बसून काढल्या की चाल कळते. शेवटपर्यंत म्हणजे खरंच शेवटपर्यंत. गोंधळ आणि घोषणाबाजी सुरुवातीला असते, तेव्हा गॅलरी भरलेली असते. ऐनवेळचे, म्हणजे कार्यपत्रिकेत नसलेले, विषय मात्र लोक चहाला गेल्यावर 'दाखल मान्य' (दाखल करून लगेच मंजूर) म्हणत निघून जातात. उपसूचनेची, म्हणजे मूळ विषयात सुचवलेल्या बदलाची, प्रत तर भांडून घ्या. मूळ विषयाशी सुतराम संबंध नसलेल्या गोष्टी तिथेच घुसवल्या जातात.

आणि कृपा करून नगरसेवकांच्या व्हॉट्सॲप प्रेसनोटवर बातमी करू नका. ती सवय एकदा लागली की सुटत नाही. ज्येष्ठ सहकारी 'मी सांगतो तसं लिही' म्हणतील. त्यांचा मान ठेवा, पण कार्यपत्रिका आदल्या रात्री स्वतः वाचा. मला हे काम शिकवलं ते नगरसचिव कार्यालयातल्या, म्हणजे सभांचं कामकाज सांभाळणाऱ्या कार्यालयातल्या, एका लिपिकाने. तिथल्या लोकांना नियम पाठ असतात, आणि तुम्ही नीट विचारलं तर जुनी इतिवृत्तंही काढून देतात.

सध्या तर त्यांची गरज जास्तच आहे. प्रशासकाच्या काळात आयुक्तच प्रस्ताव ठेवायचे आणि स्थायी समितीच्या, मुख्य सभेच्या अधिकारात तेच मंजूरही करायचे. तेव्हाचा एखादा प्रकल्प आता नव्या सभागृहात वाढीव खर्चासह आला, तर मूळ ठरावाचा क्रमांक आणि तारीख मागून घ्या. त्या ठरावावर एका शब्दाचीही चर्चा झालेली नसेल, आणि नवे नगरसेवकही तो पहिल्यांदाच वाचत असतील.