व्हीआय, मॅन पेज आणि न दिसणारं अक्षर

नाशिकच्या अंबड किंवा सातपूरच्या कारखान्यात सर्व्हर सांभाळायची पहिली नोकरी लागली की व्हीआय या टर्मिनलमधल्या एडिटरशी गाठ पडतेच. कॉलेज रोडच्या क्लासमध्ये लिनक्स शिकून आला असाल, तर तिथे बहुतेक रंगीत एडिटरवर हात बसलेला असतो. इथे काळं टर्मिनल असतं, रात्रपाळी असते आणि ‘त्या फाइलमधली एक ओळ बदल’ असा फोन येतो. फाइल उघडणं, बदल करणं, सेव्ह करून बाहेर पडणं एवढं तुम्हाला येतं असं धरून चालते. येत नसेल तर आज रात्रीच व्हिमट्यूटर चालवा (व्हिम म्हणजे व्हीआयचंच सुधारलेलं रूप). अर्ध्या तासाचा धडा आहे, आणि क्लासबाहेर झेरॉक्सच्या दुकानात मिळणाऱ्या शॉर्टकटच्या रंगीत तक्त्यांपेक्षा कितीतरी चांगला. ते तक्ते घेऊ नका. शंभर कमांड पाहून माणूस घाबरतो. रोजच्या कामाला पंधरा पुरतात.

‘नॅनो वापर ना’ असं सांगणारे भेटतील; तो दुसरा, सोपा एडिटर. नॅनोत वाईट काही नाही. पण कारखान्यातल्या जुन्या युनिक्स मशीनवर तो बहुधा नसतो आणि तिथे नवीन काही टाकायची परवानगी नवख्याला कोणी देत नाही. व्हीआय आणि त्याच्याही आधीचा एडिटर ईडी मात्र पॉझिक्स, म्हणजे युनिक्ससारख्या सिस्टिमच्या मानकातच आहेत.

व्हीआय असा का वागतो हे कळलं की त्याच्यावरचा राग बराच उतरतो. बिल जॉय यांनी तो १९७६च्या सुमारास बर्कलीत लिहिला, तेव्हा ते ३०० बॉडच्या मोडेमवरून काम करत. म्हणजे सेकंदाला साधारण ३० अक्षरं. ८० बाय २४चा पडदा एकदा भरायला मिनिटाहून जास्त. अशा वेळी एकेका अक्षराची कमांड ही गरजच होती. त्या काळच्या एडीएम-३ए टर्मिनलवर एच, जे, के, एल या बटणांवरच बाण छापलेले असायचे आणि एस्केप आजच्या टॅबच्या जागी होतं. ते बटण आज कोपऱ्यात गेलंय, म्हणून करंगळी ताणावी लागते. ही माहिती मला कुठल्याही नोट्समध्ये मिळाली नाही, आणि पहिल्याच दिवशी मिळाली असती तर माझे कितीतरी त्रासाचे दिवस वाचले असते.

आता मॅन पेजविषयी, म्हणजे टर्मिनलमध्ये ‘मॅन’ लिहून उघडायच्या कमांडच्या माहितीपानांविषयी. मराठी माध्यमातून आलेल्यांनी हे नीट वाचा. मी पिंपळगावहून डिप्लोमा करून आले तेव्हा मॅन पेज उघडलं की वाटायचं, आपलं इंग्रजीच कच्चं. तसं नाही. युनिक्सच्या पहिल्या मॅन्युअलवर तारीख आहे ३ नोव्हेंबर १९७१. युनिक्स जिथे बनलं त्या प्रयोगशाळेत शेजारी बसणाऱ्या माणसांना आठवण म्हणून लिहिलेला तो मजकूर होता आणि आजची पानंही त्याच वळणाची आहेत. ज्याला येतं त्याच्यासाठी ती लिहिलेली असतात. इंग्रजी ज्यांची मातृभाषा आहे तेही तिथे अडखळतात. वरच्या सिनॉप्सिसमध्ये, म्हणजे कमांड कशी लिहायची ते दाखवणाऱ्या ओळीत, चौकटी कंस म्हणजे ‘दिलं नाही तरी चालेल’ आणि तीन टिंबं म्हणजे ‘पुन्हा पुन्हा देता येईल’, एवढं लक्षात ठेवलं की अर्धं पान उलगडतं. तळाशी बग्ज नावाचा भाग असतो, तो आवर्जून वाचा. पहिल्या मॅन्युअलपासून तो आहे आणि सगळ्यात प्रामाणिक मजकूर तिथेच सापडतो.

मॅन पेज आकड्यांच्या विभागांत वाटलेली असतात, तो विभागाचा आकडा बघा. क्रॉनटॅबचं उदाहरण घ्या, म्हणजे ठरलेल्या वेळी आपोआप चालवायच्या कामांची यादी. नुसतं ‘मॅन क्रॉनटॅब’ दिलं की विभाग १चं पान उघडतं, त्यात कमांडची माहिती असते. वेळेचे पाच रकाने कसे भरायचे हे विभाग ५मध्ये आहे, ‘मॅन ५ क्रॉनटॅब’ दिलं की दिसतं. क्रॉनच्या ओळीत टक्क्याचं चिन्ह आलं तर त्याची नवी ओळ होते आणि तारखेची कमांड मोडते, हेही त्या दुसऱ्या पानावरच आहे.

ज्या खड्ड्यात मी अडकले, तो मात्र कुठल्याच पानावर नव्हता. म्हणून तो सावकाश सांगते.

विंडोजवर नोटपॅडमध्ये एक स्क्रिप्ट, म्हणजे ओळीने कमांड असलेली फाइल, लिहिलेली असते. ती सर्व्हरवर येते. चालवली की उत्तर येतं, ‘नो सच फाइल ऑर डिरेक्टरी’. फाइल तर समोर आहे! फाइलींची यादी देणाऱ्या एलएसमध्ये दिसते, परवानग्या बरोबर आहेत, व्हिममध्ये उघडली तर प्रत्येक ओळ स्वच्छ. ज्यांनी ती स्क्रिप्ट पाठवली ते सर फोनवर म्हणाले, “आमच्याकडची फाइल नीट आहे, तुमचंच काहीतरी चुकत असेल.” मी अख्खी रात्रपाळी परवानग्या बदलत बसले.

घडतं ते असं. विंडोज प्रत्येक ओळीच्या शेवटी दोन अक्षरं ठेवतं: कॅरेज रिटर्न, आस्कीत (अक्षरांना दिलेल्या आकड्यांच्या तक्त्यात) १३, आणि लाइन फीड, आस्कीत १०. युनिक्स फक्त दुसरं ठेवतं. स्क्रिप्टच्या पहिल्या ओळीत कुठला शेल, म्हणजे कमांड चालवणारा प्रोग्राम, वापरायचा ते लिहिलेलं असतं. त्या नावाला शेपटीसारखं १३ नंबरचं अक्षर चिकटलं की सिस्टिम त्या शेपटीसकट शेल शोधते आणि तो सापडत नाही. एररमधली ‘न सापडलेली फाइल’ म्हणजे तुमची स्क्रिप्ट नव्हेच, तो शेल आहे. एवढं एक वाक्य एररमध्ये असतं तर!

आणि व्हिममध्ये ते दिसत का नाही? नेहमीच्या सेटिंगमध्ये व्हिम सगळ्या ओळी तपासतो. झाडून सगळ्या ओळी विंडोजच्या असतील तर तो फाइलला डॉस प्रकारची ठरवतो आणि ते अक्षर लपवतो. उघडताना खाली कोपऱ्यात चौकटी कंसात ‘डॉस’ एवढंच लिहितो. पण एक जरी ओळ युनिक्सची असेल, तर बाकीच्या प्रत्येक ओळीच्या शेवटी टोपी (^) आणि एम असं चिन्ह दिसतं. म्हणजे अर्धवट बिघडलेली फाइल ओरडून सांगते आणि पूर्ण बिघडलेली गप्प बसते. हे पुन्हा वाचा, मी थांबते.

तपासायला ‘फाइल’ नावाची कमांड आहे. ती ‘सीआरएलएफ’ असा, म्हणजे त्याच दोन अक्षरांचा, उल्लेख करते. ‘कॅट’ला हायफन व्ही जोडलं की टोपी-एम उघडे पडतात. व्हिममध्ये कोलन देऊन ‘सेट एफएफ=युनिक्स’ लिहा आणि सेव्ह करा, काम झालं. उलट दिशेलाही त्रास होताच: २०१८ पर्यंत नोटपॅडला युनिक्सची ओळ कळत नव्हती, सगळा मजकूर एकाच ओळीत दिसायचा.

व्हिमचं पान व्हिमचं सांगतं, शेलचं पान शेलचं. बिघाड दोघांच्या मध्ये होता, आणि दोन शेतांमधल्या बांधावरचं गवत कोणीच काढत नाही. विंडोजच्या सवयीने टर्मिनलमध्ये कंट्रोल-एस दाबलं की पडदा गोठतो, तेही तसंच. कंट्रोल-क्यू दाबलं की सुटतो. ते व्हीआयच्या पानावर शोधू नका, ती टर्मिनलची सोय आहे, एसटीटीवायच्या पानावर मिळेल. अडकलात की आधी विचारा, या कामात एकूण कोणकोण प्रोग्राम गुंतलेत? प्रत्येकाचं पान उघडा.

ईडीत काही चुकलं तर तो नुसतं प्रश्नचिन्ह देतो. घाबरू नका, स्मॉल एच दाबला की कारण सांगतो.

सीनिअर निवडता येत नाही, पण कोणाला विचारायचं ते निवडता येतं. ‘गूगल कर’ म्हणणाऱ्याला दुसऱ्यांदा विचारू नका. झटकन कीबोर्ड ओढून स्वतःच दुरुस्त करणाऱ्यालाही नको, तुम्हाला काहीच कळत नाही. आमच्याकडे एक मॅडम होत्या, त्या शेजारी बसून फक्त म्हणायच्या, “एरर मोठ्याने वाच बघू.” वाचता वाचता निम्म्या वेळा उत्तर सापडायचं. अशी एखादी व्यक्ती प्रत्येक कंपनीत असते, शोधा.

फाइल हातात घेण्याआधी तारखेसह तिची प्रत करा, प्रत्येक वेळी. उघडताना स्वॅप फाइलचा (व्हिमने ठेवलेल्या तात्पुरत्या फाइलचा) इशारा आला तर घाईने डी, म्हणजे डिलीट, दाबू नका. दुसरं कोणी तीच फाइल उघडून बसलेलं असू शकतं, किंवा आदल्या पाळीचं सेव्ह न झालेलं काम त्यात असू शकतं. आधी चौकशी करा. आणि स्क्रिप्टमध्ये बदल केलात तर शेलच्या पहिल्या ओळीखाली, हॅश (#) लावून चार ओळी लिहा: काय बदललं, का बदललं, फाइल कोणत्या मशीनवरून आली, आधी कोणती एरर येत होती. एररचे शब्द जसेच्या तसे लिहा, म्हणजे पुढच्या पाळीतल्या मुलीला तेच शब्द शोधून तुमची ओळ सापडेल.