शाळा-कार्यालयांत शिरणारे साप, पारवे आणि वटवाघळे : बंदोबस्त कसा करावा

सोलापूर परिसरात शाळेत, ग्रामपंचायतीच्या कार्यालयात किंवा वाचनालयात साप निघाला की धावपळ होते, कोणीतरी तो पकडून नेतो आणि विषय तिथेच संपतो. ज्या फटीतून तो आला ती फट आणि ज्या उंदरांच्या मागावर तो आला ते उंदीर मात्र जागेवरच राहतात, आणि त्यामुळे काही दिवसांनी दुसरा साप त्याच वाटेने आत येतो. म्हणून काम त्या वाटेपासून सुरू करावे.

त्यासाठी मे महिना सर्वांत सोयीचा आहे. आपल्याकडची काळी जमीन उन्हात आकसते आणि पावसात फुगते, त्यामुळे जोत्याला, पायऱ्यांना आणि भिंतीलगतच्या फरसबंदीला दरवर्षी नव्या भेगा पडतात. उन्हाळ्याच्या अखेरीस त्या सर्वांत रुंद झालेल्या असतात आणि शाळेला सुटीही असते. शिपाई आणि रात्रीचे पहारेकरी यांना बरोबर घेऊन इमारतीभोवती फिरावे, कारण कोणता प्राणी कोठून येतो-जातो हे त्यांनाच अधिक ठाऊक असते. पेन्सिल आत जाईल एवढे प्रत्येक भोक खडूने खुणावावे, कारण लहान उंदराला तेवढी वाटही पुरते.

भोक लगेच बुजवू नये. त्यात कागदाचा बोळा सैलसर कोंबून दोन-तीन दिवस वाट पाहावी. बोळा ढकललेला दिसला तर आत कोणीतरी आहे आणि त्याला बाहेर पडू देणे आवश्यक आहे, असे समजावे. वाट रिकामी असल्याची खात्री झाली की आत तारेची जाळी दाबून वरून सिमेंट भरावे. नुसता कच्चा गिलावा उंदीर पुन्हा पोखरतात. सांडपाण्याच्या तोंडाला ६ मिलिमीटरची जाळी आणि दाराच्या खालच्या फटीला रबराची पट्टी बसवावी.

त्यानंतर अन्नाकडे वळावे. जिल्हा परिषदेच्या शाळांत पोषण आहाराच्या तांदळाची खोली हेच बहुतेक वेळा या साखळीचे मूळ असते, आणि माझ्या मते सर्वाधिक श्रम याच खोलीवर खर्च करावेत. पोती जमिनीवर न ठेवता फळ्यांवर आणि भिंतीपासून हातभर अंतरावर रचावीत, उघडलेले पोते पत्र्याच्या कोठीत रिकामे करावे, खरकटे त्याच दिवशी उचलावे. मोडक्या बाकांचा ढीग आणि चुलीचे सरपण भिंतीला टेकवून ठेवू नये. उंदरांसाठी पिंजरे लावावेत, विष शक्यतो टाळावे: विष खाल्लेला उंदीर छतात मरून कुजतो, आणि असा उंदीर खाऊन गव्हाणी घुबडही दगावते, जे एरवी रोज रात्री आपलेच काम करत असते.

पारव्यांसाठी व्हरांडे आणि झरोके जाळीने बंद करावेत. साचलेली विष्ठा कोरडी झाडल्यास तिची धूळ फुप्फुसांना अपाय करते. ती आधी ओली करावी आणि तोंडाला मास्क लावूनच काढावी.

वटवाघळांच्या बाबतीत घाई करू नये. संध्याकाळी ती कोणत्या फटीतून बाहेर पडतात ते पाहावे, त्या फटीवर फक्त वरची कड बांधलेली जाळी खाली मोकळी सोडावी, म्हणजे ती खालून निघून जातात पण परत शिरू शकत नाहीत. पिल्ले उडू लागण्यापूर्वी हे केल्यास पिल्ले आत उपाशी मरतात. मेलेले किंवा जखमी वटवाघूळ उघड्या हाताने उचलू नये.

पाण्याच्या टाकीखाली किंवा उंच सज्जाला आग्या मोहोळ लागले तर दगड किंवा जळते टेंभे हा उपाय नव्हे. या माश्या हंगामानुसार स्थलांतर करतात. मोहोळ वर्दळीपासून दूर असेल तर खालची जागा दोर बांधून बंद ठेवावी आणि त्या जाईपर्यंत थांबावे. हल्ला झालाच तर चेहरा झाकून बंद खोलीत पळावे आणि नांगी ताबडतोब खरवडून काढावी.

साप दिसल्यास मुलांना दूर न्यावे, एकाने लांबून त्याच्यावर नजर ठेवावी आणि वन विभागाच्या १९२६ या क्रमांकावर कळवावे किंवा अनुभवी सर्पमित्राला बोलवावे. साप मारणे हा १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानुसार गुन्हा आहे. घोरपडीला तर त्यात सर्वोच्च संरक्षण आहे. दंश झाल्यास आवळपट्टी बांधू नये, चिरा देऊ नये. अवयव न हलवता १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी आणि प्रतिसर्पविष (सापाच्या विषावरील औषध) उपलब्ध असलेल्या रुग्णालयात न्यावे. नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे या चारही सापांवर एकच प्रतिसर्पविष चालते, त्यामुळे साप पकडून सोबत नेण्यात वेळ घालवू नये. हे दोन्ही क्रमांक आणि जवळच्या रुग्णालयाचा दूरध्वनी तांदळाच्या खोलीच्या दारावर ठळक अक्षरांत रंगवून घ्यावा.