अर्धा माणूस, अर्धा गरुड: रोबोच्या ॲनिमेतला खलनायक सेनापती कसा घडवावा

महाकाय रोबोच्या गोष्टीत खलनायकाचा सेनापती लिहायला बसलात, की आधी एक गोष्ट पक्की धरा. हा गडी दर आठवड्याला हरणार. रोबोला जिंकावंच लागतं, खेळणी त्याचीच खपायची असतात. मग रोज मार खाणाऱ्याकडे प्रेक्षकानं का बघायचं? अर्धं जनावर कामाला येतं ते इथं.

नमुना म्हणून 1976 च्या ‘कॉम्बॅटलर व्ही’ या जपानी ॲनिमे, म्हणजे कार्टून मालिकेतला सरसेनापती गरुडा घेऊ. मुख्य दिग्दर्शक तादाओ नागाहामा, पात्रांची रेखाटनं योशिकाझू यासुहिको यांची.

पहिली पायरी: चेहरा कुणाचा ते ठरवा. नाव तर आपल्याच घरचं आहे. संस्कृतातला गरुड बौद्ध धर्माबरोबर जपानात गेला आणि तिथं ‘कारुरा’ झाला. नारा शहरातल्या कोफुकुजी मंदिरात त्याची 734 सालची मूर्ती आहे: अंगात चिलखत, धड माणसाचं, डोकं चोचीसकट पक्ष्याचं. आपल्या सेनापती गरुडाच्या बाबतीत मात्र चेहरा देखण्या तरुणाचाच आहे, आणि माझ्या मते सगळी मेख तिथंच आहे. चोचीला ओठ नसतात. अपमान गिळणारा, दात-ओठ खाणारा सेनापती चोचीत दाखवणार कसा? नरसिंहाला सिंहमुख शोभतं, कारण खांबातून बाहेर आल्यावर त्याला लांबलचक संवाद म्हणायचे नसतात. तुमच्या सेनापतीला म्हणायचे आहेत.

दुसरी पायरी: सांधा. नवशिके हमखास इथं घसरतात. माझ्या भाच्यानं लग्नपत्रिकेच्या कोऱ्या पाठीवर असाच एक पक्षीमानव काढला होता. पंख थेट मानेच्या मागून फुटलेले, दप्तर अडकवल्यासारखे. मी त्याला स्वतःच्या पाठीवर हात नेऊन खांद्याचं पातं चाचपायला लावलं. पंखाचं मूळ तिथं हवं. पंख उघडला की छातीचा स्नायूही ताणला गेला पाहिजे. कातडी संपून पिसं सुरू होतात तिथं सरळ रेघ मारू नका. आधी बारीक लव, मग तुरळक पिसं, मग दाट. एवढं जमत नसेल तर सरळ खांद्यावरून झूल सोडा. भल्याभल्यांनी सोडली आहे. मग सगळं चित्र काळ्या मार्करनं भरून भिंतीला लावा आणि स्वयंपाकघराच्या दारातून बघा. नुसत्या काळ्या आकारावरून ओळखू आला तर पुढं जा.

तिसरी पायरी: जनावर जपून खर्च करा. गरुडा एरवी माणसाच्या रूपात वावरतो आणि झुंजायची वेळ आली की पक्षीरूप घेतो. पहिल्याच भागात पंख पसरून बसलात, तर विसाव्या भागात काढायला काही उरत नाही.

आवाजाचं थोडक्यात: गुरगुर नको. गरुडाला आवाज दिला ओसामू इचिकावा यांनी. आदल्या वर्षीच्या ‘रायदीन’ मालिकेतला राजपुत्र शार्किन त्यांचाच, पुढं ‘व्होल्टेस व्ही’चा हाइनेलही. पट्टी खानदानी, संताप आला तरी भाषा दरबारी.

शेवटची पायरी खरं तर आधी लिहायची: त्याच्या डोक्यावर कोण आहे? गरुडा आपली सम्राज्ञी ओरेआना हिला आई मानतो, तिच्या शब्दाखातर लढतो. मग कळतं की आपण तिच्या पोटचे नाही, तिनं बनवलेलं यंत्र आहोत. माणूस खोटा, पक्षीही खोटा. मिया नावाची यंत्रमानव दासी त्याच्यावर जीव टाकते, आणि तोही यंत्रच निघतो. तो ओरेआनावर उलटतो आणि मग ‘बिग गरुडा’ हा आपला महाकाय रोबो घेऊन शेवटच्या लढाईला उभा राहतो. तेव्हा 54 भागांची मालिका जेमतेम मध्यावर आलेली असते. म्हणून तुमच्या वहीत सेनापतीचं हे गुपित पहिल्या पानावर लिहा आणि दर पराभवानंतर त्यातला एकेक तुकडा बाहेर काढा.

भाच्याच्या सेनापतीला आता झूल आहे. आई कोण, ते अजून ठरायचंय.