हंटर ३५० घेताय? रेट्रो-मेट्रो निवडताना या चुका टाळा

दरवर्षी कापूस विकला की दोन-तीन पोट्टे माझ्याकडे येतातच. हातात मोबाईल, त्यावर हंटर मोटरसायकलचा फोटो, आणि प्रश्न ठरलेला, "भाऊ, काळी घेऊ का निळी?" रंगाचं मागून पाहू बाप्पा, आधी सांग तू राहतो कुठं, गाडी वावरात नेणार का, आणि रात्री बेरात्री एकटा फिरतो का. कारण रॉयल एनफिल्डची ही हंटर ३५० ऑगस्ट २०२२ ला आली तेव्हापासून ती रेट्रो आणि मेट्रो अशा दोन रूपांत मिळते आणि दोन्हीचं इंजिन एकच आहे, ३४९ सीसी, २०.२ बीएचपी, २७ न्यूटन मीटर टॉर्क. टाकीसुद्धा तीच १३ लिटरची. पळायला दोघी सारख्याच. फरक सगळा खाली, चाकात आणि ब्रेकात आहे, आणि शोरूममध्ये तिथं वाकून कोणीच पाहत नाही.

"फरक फक्त लूकचा आहे" असं समजणं

ही चूक मी इतक्या वेळा पाहिली की आता ऐकलं तरी राग येतो. रेट्रोला तारेची चाकं आहेत म्हणजे आत ट्यूब आली. मेट्रोला अलॉय, म्हणजे ट्यूबलेस. रेट्रोचं मागचं टायर १२०/८०-१७, मेट्रोचं १४०/७०-१७, म्हणजे जास्त रुंद. शहरात हा फरक एखाद्याला कळणारही नाही. आपल्याकडे मात्र बाभूळ आहे.

माझ्या भाच्याने रेट्रो घेतली. तारेची चाकं जुन्या बुलेटसारखी दिसतात म्हणून घेतली, त्यात वाईट काही नाही, दिसतातच छान. डिसेंबरात आम्ही दोघं दारव्ह्याहून नेरकडे निघालो, दिवस मावळायला आलेला. कोणीतरी कुंपणासाठी बाभळीच्या फांद्या बंडीतून नेल्या असतील, रस्त्यावर काटे सांडलेले. मागचं चाक एकदम बसलं. मेट्रो असती तर काटा तसाच ठेवून हळूहळू पुढच्या गावापर्यंत गेलो असतो, कारण ट्यूबलेसमध्ये काटा टोचून राहिला की हवा बहुतेक वेळा हळू निघते. ट्यूबची हवा फुस्सकन जाते. बसलेल्या चाकावर गाडी चालवली तर हवा भरायच्या वॉल्व्हजवळून ट्यूब फाटते, म्हणून १७७ किलोची गाडी ढकलत निघालो. मामा एकीकडून, भाचा दुसरीकडून, थंडीतही दोघांचे शर्ट ओले.

पंक्चरचं दुकान मिळालं. दुकानदार भला माणूस, पण रोजची सवय १०० सीसीच्या गाड्यांची. टायर उतरवून ट्यूब काढली, पाण्यात बुडवली, बुडबुडा दिसला, ठिगळ लावलं, टायर चढवलं, झालं. दोन किलोमीटरवर गाडी परत बसली. परत ढकलत त्याच दुकानात. या खेपेला मीच टायरच्या आत हात घातला आणि बोटाला टोचलं. काट्याचं टोक मोडून रबरात अडकलेलं होतं, जेमतेम ज्वारीच्या दाण्याएवढं. बाहेरून काही दिसत नव्हतं. पहिल्या ठिगळाच्या शेजारीच त्याने नवं भोक पाडलं होतं. घरी पोहोचलो तेव्हा रात्रीचे साडेअकरा, ताई दारात उभी.

तेव्हापासून माझी सवय अशी की ट्यूब असो का ट्यूबलेस, टायर उतरलं की कापसाचा बोळा घेऊन आतून पूर्ण एक फेरी फिरवायची. टोक असेल तिथं तंतू अडकतो. आपल्याकडे कापसाला काय तोटा आहे? डिक्कीत, नाहीतर सीटखाली एक बोळा ठेवून द्या. पंक्चरवाला घाई करत असेल तर करू द्या, बोळा आपण फिरवायचा. आणि रेट्रोच घेतली असेल तर आपल्या मापाची एक जास्तीची ट्यूब जवळ ठेवा, तालुक्याच्या दुकानात ती मिळेलच असं धरून चालू नका.

तारेच्या चाकाची बाजूही खरी आहे, ती लपवत नाही. खड्ड्यात आपटून रिमचा आउट निघाला, म्हणजे चाक वाकडं फिरायला लागलं, तर गावातला जुना सायकलवालासुद्धा तारा ताणून कामापुरतं सरळ करून देतो. अलॉय वाकलं की जिल्ह्याच्या गावी जा, आणि तडा गेला असेल तर चाकच बदला. ज्याचा रस्ता पांदणीचा आहे आणि पंक्चरवाला घराशेजारी आहे, त्याने रेट्रो खुशाल घ्यावी. रात्री एकट्याने तालुक्याला येणंजाणं असेल त्याने मेट्रो. माझ्यापुरतं मी मेट्रो घेतली.

"आत्ता रेट्रो घेतो, पुढच्या वर्षी अलॉय टाकतो"

नका करू. रेट्रोच्या मागच्या चाकात ड्रम ब्रेक आहे, मेट्रोच्या मागे २७० मिलिमीटरची डिस्क. मेट्रोचं चाक आणलं म्हणून ते रेट्रोत सरळ बसत नाही, त्याच्यासोबत अर्धा मागचा ब्रेक आणावा लागतो. हिशेब केला तर वाचवलेले पैसे तिथंच जातात, वर वॉरंटीची कटकट. २०२२ ला दोन्हीत एक्स-शोरूम फरक साधारण १४ ते १९ हजारांचा होता. तेवढ्यासाठी पोरं दोन वर्षं जुगाड शोधत फिरतात. तारेच्या साध्या रिममध्ये ट्यूब काढून नुसतं ट्यूबलेस टायर चढवणारेही पाहिले. अरे, तारेच्या प्रत्येक निपलमधून, म्हणजे तार रिमला बसते त्या भोकातून, हवा निघते, ती कशी थांबणार?

आणि एक गोष्ट तर नंतर टाकताच येत नाही, ती म्हणजे एबीएस, जोरात ब्रेक दाबला तरी चाक लॉक होऊ न देणारी सोय. १२५ सीसीच्या वरच्या गाड्यांना एबीएस सक्तीचा आहे, पण कायद्याला एका चाकाचाही चालतो. म्हणून रेट्रोला फक्त पुढच्या चाकाचा आहे, मेट्रोला दोन्ही चाकांचा. जुलै-ऑगस्टात वावरातून निघालेले ट्रॅक्टर काळी माती डांबरावर आणून टाकतात, वरून भुरभुर पाऊस पडला की तो पट्टा साबणासारखा होतो. अशा ठिकाणी समोर म्हैस आली की माणूस सवयीने मागचा ब्रेक दाबतो, रेट्रोचं मागचं चाक लॉक होतं आणि गाडी शेपटीकडून सरकते. भाचा असाच एकदा कडेच्या नालीपर्यंत गेला, नशिबाने फक्त कोपर खरचटलं. त्याला मी रिकाम्या मैदानावर नेऊन अर्धा तास दोन्ही ब्रेक सोबत आणि हळू वाढवत दाबायला शिकवलं. नवी गाडी घेणाऱ्या कोणालाही हा अर्धा तास जड वाटतो, हायवेवर फोटो काढायला मात्र दुसऱ्याच दिवशी जातात. जीव जातो बाबांनो, म्हणून सांगून राहिलो.

बाकीच्या चुका

एकट्याने टेस्ट राईड घेणं. मागं बायको नाहीतर बाप बसणार असेल तर त्यांना घेऊन जा. मागची सीट मोठी नाही, तीस किलोमीटर बसायचं त्यांना आहे.

एक्स-शोरूम किंमत पाहून घरी आकडा सांगणं. आरटीओ, विमा, क्रॅश गार्ड धरून ऑनरोड आकडा कागदावर लिहून मागा. सप्टेंबर २०२५ मध्ये ३५० सीसीपर्यंतच्या गाड्यांचा जीएसटी २८ वरून १८ टक्के झाला, तेव्हा जुना कोटेशनचा कागद घेऊन हिशेब करू नका.

जुनी गाडी घेताना साल न पाहणं. सुरुवातीच्या हंटरचा ग्राउंड क्लिअरन्स, म्हणजे गाडीच्या पोटापासून जमिनीपर्यंतचं अंतर, १५०.५ मिलिमीटर होता, २०२५ ला तो १६० केला, आणि क्लचही हलका केला. आपल्या गावचे मुरूम टाकून केलेले गतिरोधक पाहता हा जवळपास एक सेंटिमीटर पोटाखाली कळतो. जुनी पाहायला गेलात तर वाकून खालचा भाग घासलेला आहे का ते बघाच.

वजनाला घाबरून रेट्रो घेणं. रेट्रो १७७, मेट्रो १८१ किलो. चार किलोंचा फरक पाय टेकवताना जाणवत नाही. दोघी जडच आहेत, आधी शोरूमच्या अंगणात गाडी हाताने मागं ढकलून पाहा.

डिलिव्हरीच्या दिवशी हार घालण्याआधी टायरच्या बाजूला बसून चार आकडे वाचा. पहिले दोन आठवडा, मागचे दोन वर्ष. टायर फार जुनं निघालं तर तिथंच बोला, पेढे वाटून झाल्यावर कोणी ऐकत नाही.