गूगल प्लेवर अ‍ॅप नाकारले जाते ते कशामुळे? या चुका टाळा

अ‍ॅप नाकारल्याचा ईमेल आला की बहुतेक जण आधी कोड उघडून बसतात. दोष मात्र बहुधा कोडमध्ये नसतो. प्ले कन्सोलमध्ये (विकासकांसाठीच्या गूगलच्या संकेतस्थळावर) आपण जे लिहून दिलेले असते आणि अ‍ॅप जे करते, त्या दोहोंच्या तफावतीत तो असतो. तपासणाऱ्याला आपला हेतू कळण्याचा मार्ग नाही, त्याच्यासमोर अपलोड केलेला बंडल (अ‍ॅपची फाइल) आणि आपण भरलेली माहिती एवढेच असते.

सर्वाधिक घोळ परवानग्यांचा होतो. "ही परवानगी आम्ही मागितलेलीच नाही," असे विकासक प्रामाणिकपणे सांगतो, आणि तरीही ती बंडलमध्ये असते, कारण जाहिरातीसाठी किंवा फोटो निवडण्यासाठी जोडलेली एखादी लायब्ररी (इतरांनी लिहिलेला तयार कोड) ती परस्पर घेऊन येते. अँड्रॉइड स्टुडिओ या अ‍ॅप बनवण्याच्या साधनात मॅनिफेस्ट फाइल (जिच्यात परवानग्या नोंदवलेल्या असतात) उघडून खालच्या 'मर्ज्ड मॅनिफेस्ट' या टॅबवर गेल्यास अंतिम यादी दिसते, आणि कोणती ओळ कोणत्या लायब्ररीतून आली हेही कळते. अपलोड करण्यापूर्वी ही यादी एकदा वाचावीच. ओटीपी आपोआप भरला जावा एवढ्यासाठी एसएमएस वाचण्याची परवानगी मागणे हे तर नकाराला आमंत्रणच आहे; त्या कामासाठी 'एसएमएस रिट्रीव्हर' ही सोय उपलब्ध असून तिला कोणतीही परवानगी लागत नाही.

ओटीपीचीच दुसरी अडचण आपल्याकडच्या अ‍ॅपना हमखास येते. लॉगिन फक्त भारतीय मोबाइल क्रमांकाने होत असेल, तर तपासणारी व्यक्ती पहिल्याच पडद्यावर अडकते. ती भारतात असेलच असे नाही, आणि असली तरी तुमच्या क्रमांकावर आलेला ओटीपी तिला कसा मिळणार? त्यासाठी कन्सोलमधील 'अ‍ॅप अ‍ॅक्सेस' या विभागात चाचणीचे खाते द्यावे लागते. लॉगिनसाठी गूगलची फायरबेस ही सेवा वापरत असल्यास चाचणीचा क्रमांक आणि त्याचा सहा अंकी कायमस्वरूपी कोड आधीच ठरवून ठेवता येतो. सूचना इंग्रजीत लिहाव्यात आणि मंजुरी मिळाल्यावरही हे खाते बंद करू नये, कारण पुढच्या अपडेटचीही तपासणी होतेच.

'डेटा सेफ्टी'च्या अर्जात "आम्ही कोणतीही माहिती गोळा करत नाही" असे लिहून अ‍ॅपमध्ये गूगलची अ‍ॅडमॉब ही जाहिरातींची लायब्ररी ठेवणे ही तशीच विसंगती आहे. लायब्ररीने गोळा केलेली माहिती ही अ‍ॅपनेच गोळा केलेली मानली जाते. गोपनीयता धोरणाचा दुवा पीडीएफचा किंवा लॉगिन मागणारा नसावा. अ‍ॅपमध्ये खाते उघडता येत असेल, तर ते हटवण्याची सोय अ‍ॅपमध्ये आणि वेब दुव्यावर, अशी दोन्हीकडे हवी.

सातबारा, शासकीय योजना किंवा भरतीची माहिती देणाऱ्या अ‍ॅपनी अधिक सावध राहावे. माहितीचा मूळ शासकीय स्रोत दुव्यासह द्यावा, आपला शासनाशी संबंध नसल्याचे स्पष्ट लिहावे आणि आयकॉनवर राजमुद्रा लावण्याचा मोह टाळावा. तो मोह अनेकांना आवरत नाही.

१३ नोव्हेंबर २०२३ नंतर उघडलेल्या विकासकांच्या वैयक्तिक खात्यांना अ‍ॅप सर्वांसाठी खुले करण्याआधी किमान १२ जणांकडून सलग १४ दिवस बंदिस्त (फक्त निवडक लोकांपुरती) चाचणी करून घ्यावी लागते. पूर्वी ही संख्या २० होती. यादीत ईमेल टाकला म्हणजे परीक्षक मिळाला, असा समज करून घेऊ नये. त्या व्यक्तीने त्याच गूगल खात्यातून दुव्यावर जाऊन चाचणीत सामील व्हावे लागते आणि मध्येच बाहेर न पडता टिकून राहावे लागते. म्हणूनच काही नावे जास्तीची घ्यावीत.

सगळे दुरुस्त करूनही तोच नकार पुन्हा आला, तर अपील करण्यापूर्वी जुने बंडल शोधावेत. उत्पादन ट्रॅकवर (सर्वांसाठी खुल्या प्रसारणाच्या मार्गावर) नवी आवृत्ती चढवली, तरी अंतर्गत किंवा बंदिस्त चाचणीच्या ट्रॅकवर जुना, दोषी बंडल तसाच सक्रिय असू शकतो, आणि आक्षेप त्याच्यावर येत राहतो. व्हर्जन कोड (आवृत्तीचा क्रमांक) वाढवून दुरुस्त बंडल प्रत्येक सक्रिय ट्रॅकवर पूर्णपणे प्रसारित करावा, आणि दोषी आवृत्ती कोणत्याही रिलीजमध्ये उरलेली नाही हे पाहूनच तपासणीसाठी पाठवावे.